आप्पांना थेट विचारायचं न्हाई

५ नोव्हेंबर

तुळशीचं लगीन लागलं आन् आमच्या नशिबी अक्षता आल्या. आज पहिल्याच धावेत घसरून आपटले, गुडघा सोलला. कालच्या लग्नातले तांदूळ मॅटच्या सांध्यांत बसतात, कितीबी झाडा, निघत न्हाईत. बाकीच्या टीमच्या पोरी घामावरून घसरतात, आम्ही तांदळावरून.

कारण आमचा हॉल म्हंजी आप्पांचं मंगल कार्यालय, शिरूरच्या बायपासला. मुहूर्त नसला की चाकावरची दोन बास्केट आत ढकलायची, मुहूर्त असला की भटारखान्याच्या मागं लपवायची. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर आमच्या बाटल्या आन् टॉवेल. कोच विश्वजीत सर दौंडचे, रेल्वेकडून खेळलेले. मी मावशीकडं दौंडला शिकायला होते तवा रेल्वेच्या सिमेंट कोर्टावर त्यांनीच मला घडवलं. ते बिचारे शिट्टी वाजवायच्या आधी आचाऱ्याला विचारून येतात, आज पंगत किती वाजता. आन् लीग म्हणं प्रोफेशनल! टीमचं नाव शिरूरच्या रणरागिणी. रणरागिणींनी दहाच्या आत हॉल मोकळा करायचा, मागनं वरात येती.

मी पॉइंट गार्ड. चेंडू आणायचा, कोण मोकळी हाय ते हेरायचं आन् तिच्या हातात द्यायचा. माझ्या पासवर तिनं लगेच बास्केट केलं तर माझ्या नावावर असिस्ट. तिनं चुकवलं तर माझ्या नावावर भोपळा, पास कितीबी सोन्याचा असू दे. आई म्हणती, "म्हंजी रांधायचं तू आन् नाव वाढणारीचं?" व्हय बाई, तसंच. पर मला आवडतं. बास्केट कुणीबी करंल, मोकळी माणसं दिसायला डोळं लागतात.

८ नोव्हेंबर

जिंकलो! पुण्यातल्या स्टेडियमात, खऱ्या लाकडी फरशीवर. माझे अकरा असिस्ट. त्यातले आठ ताईच्या हातनं.

ताई म्हंजी अनुपमा, आप्पांची धाकटी. माझ्याहून वर्षानं लहान, पर मालकाची लेक, म्हणून ताई. पुण्यात शिकली, बोलती पुस्तकासारखी. हात मात्र असा की कोपऱ्यातनं तीनचं बास्केट डोळं झाकून टाकंल. फक्त तिला आपली आपण मोकळं व्हता येत न्हाई. कुणीतरी अंगावरची बाई दूर केली, चेंडू बरोबर छातीशी दिला, की मग तिच्यासारखी तीच. आज नकुशी, आमची सेंटर, भिंतीसारखी उभी राहिली, मी तिला घासून निघाले, दोघी माझ्यावर धावल्या, आन् ताई कोपऱ्यात एकटी. दिला. सूं! जाळीचा नुसता आवाज.

येताना गाडीत ती म्हणाली, "आप्पा काय म्हणतात माहितीये? मोनिका आहे तोवर खेळ. ती पास देते म्हणून तुझं नाव होतं. ती नसली की मग आपण पुढचं बघू." मी म्हटलं, "पुढचं म्हंजी?" ती काचंतनं भाईर बघत बसली. रांजणगावच्या कंपन्यांचे दिवे मोजत होती. थकली असंल.

पर आप्पांनी माझी अशी किंमत करावी! साहेबराव आप्पा म्हंजी काय लहान माणूस हाय का? टीम त्यांची, हॉल त्यांचा, कोल्ड स्टोरेज त्यांचं, तालुक्यातल्या निम्म्या संस्था त्यांच्या शब्दावर. मला तर हॉलशेजारच्या त्यांच्या बंगल्यातच ठेवलंय, ताईच्या शेजारच्या खोलीत. बाकीच्या पोरी हॉलच्या वरच्या खोल्यांत. घरी राहू गावाला फोन करून तात्यांना, म्हंजी माझ्या बापाला, सांगितलं, तर त्यांनी आईला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं.

११ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

बंगळूरच्या टीमच्या कोच मॅडमचा फोन आला. खुद्द मॅडमचा! हिंदीत म्हणाल्या, तुझे पास बघितले, जानेवारीपासून आमच्याकडं ये. रोज दोन वेळा प्रॅक्टिस, आपला स्वतःचा हॉल. त्यांच्या दोन पोरी यंदा देशाच्या कॅम्पला गेल्या. मग म्हणाल्या, "बस, तुम्हारे मालिक की हाँ चाहिए. नवंबर के अंदर. उसके बाद मैं भी कुछ नहीं कर सकती." लीगचा नियमच हाय. मधल्या सुट्टीत टीम बदलायची तर मालकानं नोव्हेंबर संपायच्या आत व्हय म्हटलं पायजे.

मला जायचंय. लिहूनच टाकते. चोविसावं सरंल आता. हितं अजून दोन वर्षं काढली तर मी अक्षता वेचण्यात पटाईत होईन, बाकी काय न्हाई. देशाकडून खेळायचं तर हीच वेळ.

तात्यांना विचारलं, आप्पांना आजच विचारू का? तात्या फोनवरच ओरडले. "येडी का खुळी तू! मोठ्या माणसाला थेट विचारायचं न्हाई. आपली मेंढरं त्यांच्या आज्याच्या रानात बसायची. पर रानात खतासाठी मेंढरं बसवायची बोली करायला तुझा पणजा कवा थेट त्यांच्या दारात गेला न्हाई. मधी माणूस घालायचा."

"आन् थेट गेलं तर काय होतं?"

"थेट विचारलं आन् त्यांच्या तोंडनं न्हाई गेलं, तर त्या न्हाईचं व्हय कुणाच्या बापाला करता यायचं न्हाई. मधला माणूस असला की दोघांची बी अब्रू राहती."

पटलं मला. तात्यांच्या लग्नाची बोलणी बी अशीच झालेली. आन् मधला माणूस शोधायला मला कुठं लांब जायचंय? शेजारच्या खोलीत हाय की.

१२ नोव्हेंबर

ताईला सांगितलं. बोटांना टेप गुंडाळत बसली होती. टेप तशीच हातात राहिली.

"बंगळूर?" म्हणाली. "आणि तू जाणार?"

"आप्पांनी व्हय म्हटलं तर आत्ता बॅग भरते!"

बराच वेळ ती टेपचं टोक शोधत होती. मग म्हणाली, "मी टाकते शब्द. पण एकदा मी बोलायचं घेतलं की तू त्यांच्यासमोर विषयसुद्धा काढायचा नाहीस. ते चिडतात. शपथ घे."

घेतली शपथ. आनंदानं मिठीच मारली तिला. अंग चोरून बसली होती, सर्दी झालीय म्हणाली. देव करो आन् अशी मैत्रीण सगळ्यांना मिळो.

१५ नोव्हेंबर

आज नाष्ट्याला इडली. ह्या घरात इडली म्हंजी नवलच, पोहे न्हाईतर थालीपीठ ठरलेलं. आप्पा स्वतः वाढत होते. मला म्हणाले, "खा, खा. बंगळूरकडं असलंच खातात ना? आता हितंच करायला सांगितलंय. त्यासाठी कुठं लांब जायला नको." आन् गडगडाट करून हसले.

मी ताईकडं बघितलं. म्हंजी विषय काढला हिनं! भाईर आल्यावर विचारलं, "बोललीस व्हय तू?" ती पांढरी पडली. "नाही... म्हणजे हो. थोडंसं. तू काही बोलली नाहीस ना?" मी कशाला बोलतीय, शपथ घेतलीय. तिला शंभरदा थँक्यू म्हटलं.

दुपारी तात्यांचा फोन. राहूच्या दूध संस्थेवर आप्पांनी त्यांना संचालक म्हणून घेतलं! तात्या, ज्यांना आतापतूर सभेत मागं उभं राहायची सवय, त्यांना आता खुर्ची. आई म्हणाली, सकाळपास्नं फेटा सोडला न्हाई डोक्यावरचा. तात्या म्हणाले, "पोरी, आता आप्पांच्या शब्दाभाईर जायचं न्हाई बघ." मी म्हटलं, भाईर कुठं, त्यांचा शब्द घेऊनच जाणार मी. सगळं कसं एकदम जुळून येतंय.

१८ नोव्हेंबर

हारलो. लिहावंसं वाटत न्हाई, पर लिहिते.

मॅचला पुढच्या रांगेत काकींच्या, म्हंजी ताईच्या आईच्या, शेजारी इंदापूरकडचे पाव्हणे. एक पोरगा, त्याचे आईबाप, एक मामा. मामा ताईला असा बघत होता जशी बाजारात गाय बघावी. ताईनं मोकळी बास्केट चुकवली. एक, दोन, चार. कोपऱ्यात एकटी, कुणी जवळ न्हाई, चेंडू छातीशी, आन् तरी चेंडू रिंगवर आपटून भाईर. माझे असिस्ट तीन. तीन! शाळेत असताना बी इतके कमी नसायचे.

रात्री जेवताना मी तिला चिडवलं, स्थळ हाय ना, मला काय कळत न्हाई व्हय, पोरगा बरा हाय, नाक तेवढं जरा जास्त हाय. ती एकदम म्हणाली, "मोने, तू गेलीस ना की पुढच्याच महिन्यात."

मी म्हटलं, "मग बंगळूरहून विमानानं येते अक्षता टाकायला!"

ती घास तसाच ठेवून उठली. लग्नाचं नाव काढलं की पोरी अशा करतातच.

२२ नोव्हेंबर

चारदा व्हिडिओ बघितला. पास कुठं चुकतोय? जरा खाली जातोय का? उशिरा सुटतोय का? विश्वजीत सर म्हणाले, "पासला काय बी झालेलं न्हाई. हात चुकतोय तिचा." मला खरं वाटत न्हाई. पंधरा दिवसांपूर्वी हाच हात होता की. काय तरी माझ्याकडनंच चुकतंय. बंगळूरच्या मॅडम बी हेच व्हिडिओ बघत असतील.

नकुशीला बोलले. ती इनामगावची, सहा फुटाच्या वर, बोलणं दगडासारखं. आईबापानं नको म्हणून नाव ठेवलं, आमचं मात्र तिच्याबिगर पान हलत न्हाई. ती म्हणाली, "मोने, कोर्टावर तुला डोक्याच्या मागचं बी दिसतं. घरात काय डोळं मिटून फिरतीस?"

"म्हंजी?"

"म्हंजी वाघाचे पंजे. शब्द कुणाकडनं टाकलायस? तू गेलीस तर तिचं काय व्हतंय ते बघितलंस का?"

लई राग आला मला. ताईनं माझ्यासाठी काय न्हाई केलं? नकुशीला बंगल्यात खोली मिळाली न्हाई ते तिच्या मनात सलतंय, दुसरं काय! तरी उगाच झोप लागली न्हाई.

२६ नोव्हेंबर

मॅडमचा पुन्हा फोन. "मालिक का जवाब नहीं आया." मी म्हटलं, दोन दिवसांत येईल. ताईकडं धावत गेले.

"सांगितलंय," ती म्हणाली. "विचार करतायत."

"काय म्हणाले पर? नेमकं काय म्हणाले?"

"बघू म्हणाले. मोने, घाई करू नकोस ना. घाई केली की ते उलटं करतात."

मग कपाटातनं नवे बूट काढले. माझ्या मापाचे, मी दुकानात हात लावून परत ठेवले होते तेच. "हे तुला." आन् रडायला लागली. मी तिलाच समजावत बसले, अगं मी काय मरतीय का, बंगळूर तर बंगळूर, फोन हाय, व्हिडिओ हाय. ती म्हणाली, "तू खूप चांगली आहेस. मला नाही जमत तसं." इतका जीव लावणारं माणूस जाताना सोडवत न्हाई, खरंच.

बूट घालून बघितले. बरोबर बसतात.

३० नोव्हेंबर

आज शेवटचा दिवस. ताई आन् काकी सकाळीच नारायणगावला मावशीकडं गेल्या. ताईचा फोन लागंना. बंगल्यात मी आन् आप्पा.

आप्पा व्हरांड्यात झोपाळ्यावर पेपर वाचत. मी पायरीवर. जीव असा घुसमटत होता की काय सांगू. दोन हाताच्या अंतरावर माणूस बसलाय, एक व्हय म्हटलं की माझं भलं व्हणार, आन् माझ्या तोंडाला कुलूप.

आप्पा म्हणाले, "काय म्हणती प्रॅक्टिस?"

"बरी चाललीय."

"आणखी काय?"

"काय न्हाई."

कांद्याचा भाव सांगितला. कोल्ड स्टोरेजचं मशीन बिघडलं ते सांगितलं. पेपर घडी करून ठेवला. चष्मा काढून माझ्याकडं बघितलं, चांगलं निवांत, आन् पुन्हा म्हणाले, "आणखी काय, मोनिका?"

ओठावर आलं होतं. शपथ आठवली. तात्यांची खुर्ची आठवली. थेट विचारलं आन् न्हाई म्हणाले तर? ताई बोललीय, विचार करतायत, आज संध्याकाळपतूर ते स्वतःच सांगतील, मी मधी तोंड घालून कशाला नासवू?

"काय न्हाई आप्पा."

"बरं," म्हणाले आन् जेवायला आत गेले. माणूस मनानं लई मोठा. माझी विचारपूस करायला तासभर बसला. संध्याकाळ झाली. कुणी काय सांगितलं न्हाई.

१ डिसेंबर

सकाळी मॅडमचा मेसेज. लई वाट बघितली, आता दुसरी पोरगी घेतली, तुला शुभेच्छा.

गच्चीवर जाऊन रडले. खाली मांडववाले खांब ठोकत होते, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं न्हाई.

२ डिसेंबर

हॉलवर लगीन. प्रॅक्टिस न्हाई. मी कपडे वाळत घालत होते, काय झालं कुणास ठाऊक, तशीच ओल्या हातानं खाली हॉलवर गेले. आप्पा दारात, फेटा बांधून पाव्हण्यांना रामराम घालत. ताई पैठणी नेसून बाजूला, हातात गुलाबाच्या फुलांचं ताट. मी मधीच जाऊन उभी राहिले.

"आप्पा, तुम्ही मला बंगळूरला का सोडलं न्हाई?"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. दोन पाव्हणे थांबले.

आप्पांनी मला कडंला घेतलं. "कुठलं बंगळूर?"

"तिथल्या टीमनं मला बोलावलं होतं. तुमचं व्हय पायजे होतं. परवा मुदत संपली."

"अगं मग बोलायचं न्हाई का!" आप्पांनी कपाळावर हात मारला. "मला कुणी बोललंच न्हाई. विचारलं असतंस तर कवाच सोडलं असतं. लेकीच्या वाटंत आडवा पडणारा माणूस हाय का मी?"

बोललंच न्हाई. कुणी बोललंच न्हाई. सांगितलंय, विचार करतायत, बघू म्हणाले, हे सगळं...

"कुणाजवळ निरोप दिला होतास?" आप्पांनी विचारलं.

ताई तीन पावलांवर होती. ताटातली फुलं हलत होती, एवढं मला डोळ्याच्या कडंनं दिसलं. पुढच्याच महिन्यात, ती म्हणाली होती. मी गेले की पुढच्याच महिन्यात. मी हाय तवर तिचा खेळ. एका क्षणात सगळं दिसलं, सगळ्या जागा, कोण कुठं उभं हाय आन् का. इतक्या उशिरा दिसलं की थू माझ्या डोळ्यांवर.

मी तिच्याकडं बघितलं न्हाई. पास देणारी जिकडं बघती तिकडंच समोरची धावती, हे शाळेतल्या पोरीला बी माहीत असतं. मी तिच्याकडं बघितलं असतं तर आप्पांनी बी बघितलं असतं. मी मांडवाच्या कमानीकडं बघत म्हटलं, "कुणाजवळ न्हाई. धीरच झाला न्हाई. माझंच राहून गेलं."

"खुळी गं खुळी," आप्पा म्हणाले, पाठीवर थाप मारली आन् पुढच्या पाव्हण्याकडं वळले.

मी असं का बोलले? रात्रभर विचार करतीय. दया आली म्हणून न्हाई. मला तिचं तोंड फोडावंसं वाटत होतं. पर तिचं नाव घेतलं असतं तर माझं बंगळूर काय परत येणार न्हवतं, आन् तिचं उरलेलं बी गेलं असतं. एवढंच. ह्याला चांगुलपणा म्हणत असतील तर म्हणोत.

४ डिसेंबर

ताई दोन दिवस खोलीच्या दारात येऊन उभी राहती आन् परत जाती. आज आत आली. बूट मी तिच्या दारासमोर ठेवले होते, ते हातात घेऊन.

"का नाही सांगितलंस त्यांना?"

"बोलू नको माझ्याशी."

"मी पहिल्या दिवशी जाणारच होते सांगायला. खरंच. दारापर्यंत गेले होते. मग वाटलं एक मॅच होऊ दे. मग वाटलं अजून एक." ती पायरीवर बसावी तशी जमिनीवर बसली. "मोने, मला तेवढंच येतं गं. कोपऱ्यात उभं राहून चेंडू टाकायचा. ते गेलं की मग इंदापूर."

"आन् मला काय येतं? मला बी तेवढंच येतं!" मी ओरडले. "तुझी लाईफ ती लाईफ आन् माझी काय वाळलं शेण?"

लई बोलले. लिहिण्यासारखं न्हाई. ती खाली मान घालून ऐकत राहिली, एक शब्द उलटा न्हाई. त्यानं आणखी राग आला. शेवटी मीच दमले. मग ध्यानात आलं, पुढल्या वर्षी कुणी बोलावलं तरी मी जाऊ शकणार न्हाई. आधी माहीत न्हवतं तवा बॅग भरून नाचत होते. आता माहीत झालंय. मी दार उघडलं की तिचं दार बंद. हे ओझं कुणी दिलं माझ्या डोक्यावर? मी मागितलं होतं का?

नकुशीला सगळं सांगितलं. ती पाण्याची बाटली पिळत ऐकत होती. आप्पा म्हणाले विचारलं असतंस तर सोडलं असतं, हे सांगितल्यावर म्हणाली, "तारीख गेल्यावर सगळेच दानशूर."

ह्यावेळी तिचा राग आला न्हाई.

६ डिसेंबर

सकाळी ताई केस बांधून, तोंड धुऊन माझ्या दारात. "चल. मी आप्पांना खरं सांगणार आहे. तुला जाऊ द्यायला हवं होतं हेही, आणि मला लग्न नको हेही. पण एकटीनं पाय उचलत नाही. तू नुसती उभी राहा."

"मी एक शब्द बोलणार न्हाई."

"नको बोलूस."

चहा करून घेतला तिनं. आप्पांच्या ऑफिसात रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणाली. जिना चढताना कपबशी वाजत होती. मला वाटलं ही परत फिरणार. फिरली न्हाई. आत गेलो. आप्पा टेबलाशी, कुणाच्या तरी लग्नाच्या तारखा बघत. मी दाराशी थांबले.

"आप्पा," ताई म्हणाली. आवाज बारीक, पर तुटला न्हाई. "मोनिकानं निरोप माझ्याजवळ दिला होता. मी तो तुमच्यापर्यंत येऊ दिला नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली. चूक माझी आहे."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. मी डोळं मिटले.

"माहीत हाय," आप्पा म्हणाले.

उघडले तर ते तारखाच बघत होते. "त्या बंगळूरवाल्या बाईचा फोन दिवाळीतच आला होता मला. म्हटलं, बघू पोरगी तोंड उघडती का. न्हाई उघडलं. चांगला तासभर समोर बसलो, तरी न्हाई. मग म्हटलं आपली लेक तरी सांगंल. ती बी न्हाई." मान वर करून दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. रागावलेले न्हवते. कौतुक करावं तसं तोंड होतं. "न्हाईतरी काय वाईट झालं? दोघी घरातच राहिल्या."

"पर तुम्ही त्या दिवशी म्हणाला..." माझ्या तोंडनं निघून गेलं.

"चारचौघांत दुसरं काय म्हणायचं असतं गं?"

ताई म्हणाली, "आप्पा, मला लग्न नको. मोनिका इथंच आहे. तुम्ही म्हणाला होतात, ती आहे तोवर खेळ."

"म्हणालो होतो. पाव्हण्यांना त्या आधीच मार्चचा शब्द दिला होता. सीझन संपला की. मोनिका असू दे, नसू दे." त्यांनी तारखांचा कागद बाजूला सारला. "तवर खेळा की दोघी झकास. कोण न्हाई म्हणतंय?"

ताईनं मला अडवलं ते कशासाठी? मी खोटं बोलले ते कशासाठी? ह्या माणसानं आम्हा दोघींना एकमेकींच्या गळ्यात अडकवून दिलं होतं आन् झोपाळ्यावर बसून बघत होता. इतका राग मला जन्मात आला न्हाई. तोंड उघडलं, आन् तात्या आठवले, फेटा बांधून खुर्चीत बसलेले. तोंड मिटलं.

आप्पांनी चहाचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं. कप ताईच्या पुढं सरकवला.

"साखर कमी हाय गं ह्यात."

ताईनं कप उचलला. हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता आपटंल. मी मनात म्हणत होते, आपट बाई, एकदा तरी आपट.

ती साखर आणायला गेली.